पुढची रांग सोडून बसावे

आमच्या या परदेशी शहरातल्या क्लेमेंटी भागात, सुपरमार्केटात ऑक्टोबर लागला की एक रॅक मांडतात. वरच्या फळीवर प्लास्टिकचे सांगाडे, खालच्या फळीवर दिवाळीच्या पणत्या आणि मधे चॉकलेटं, कारण ती दोन्ही पक्षांना चालतात. त्यातल्या एका सांगाड्याच्या पोटात बॅटरी असते. माणूस जवळून गेला की तो दात विचकून हसतो. मी दरवर्षी त्याच्यासमोरून मुद्दाम दोनदा जातो. तो हसतो, मीही हसतो, आणि दोघांचाही एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो.

यंदा तिथे एक तरुण बाप उभा होता. कडेवर मुलगी, हातात मोबाइल. बायकोला हिंदीत सांगत होता, "इसमें लिखा है, फिल्म भूतवाली है लेकिन पूरे परिवार के लिए है." त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावंसं वाटलं, बाबा रे, लिहिणाऱ्यावर जाऊ नकोस. पण या शहरात अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत. मी सांगाड्याकडे पाहिलं. तो हसला.

'संपूर्ण कुटुंबासाठी' या शब्दांचा मला संशय येतो. लग्नपत्रिकेवरचं 'सहकुटुंब सहपरिवार'सुद्धा मी दोनदा वाचतो, की खरंच सगळ्यांनी यायचंय का. याला माझा धंदा कारणीभूत आहे. तरुणपणी बोटींवर इंजिनं सांभाळली, मग किनाऱ्याला लागलो, आणि आता बंदरात आलेली जहाजं तपासतो. म्हणजे विजेरी आणि एक छोटी हातोडी घेऊन टाक्यांमध्ये उतरायचं आणि पत्र्यावर टकटक करत फिरायचं. चांगला पत्रा टणटणीत बोलतो. आतून खाल्लेला पत्रा भद्द वाजतो. उघडा गंज दिसला तर मी निर्धास्त असतो, गंज प्रामाणिक असतो. मला धास्ती वाटते ती ताज्या रंगाची. सगळं जहाज मळकट आणि एकच कोपरा लख्ख रंगवलेला दिसला, की मी कप्तानाकडे बघून गोड हसतो आणि खिशातून हातोडी काढतो.

म्हणूनच ते धुराचं वर्ष आलं, तेव्हा केतकीने सिनेमे तपासायचं काम मला दिलं.

केतकी आणि निखिल आमच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहतात. दोघं पुण्याचे, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांची इरा तेव्हा आठ वर्षांची होती. समोरचे दोन दात नुकतेच येऊ घातलेले, मराठी सगळं कळायचं, पण उत्तर द्यायची वेळ आली की पोरगी तिच्या शाळेच्या इंग्रजीत शिरायची, त्या 'लाह' लावलेल्या. आणि त्या वर्षी त्यांच्याकडे आप्पा आले होते. आप्पा म्हणजे केतकीचे वडील, इराचे आजोबा. गणिताचे निवृत्त मास्तर. मी इंजिनिअर होतो हे त्यांना शंभरदा सांगितलं, तरी शेवटपर्यंत मला कॅप्टनच म्हणत राहिले.

आप्पांना रक्तदाब होता आणि मीठ बंद होतं. केतकी त्यांच्यासाठी लहान पातेलीत वेगळं अळणी वरण लावायची आणि आप्पा ते असं जेवायचे, जणू कोणी शिक्षा म्हणून शुद्धलेखन घातलंय. इरा त्यांच्यावर पहारेकरी नेमलेली. संध्याकाळी ती पॉपकॉर्न घेऊन बसली की सौदा सुरू व्हायचा.

"इरा, त्यातले चार दे."

"आजोबा, कॅनॉट लाह. यू हॅव बीपी."

"बीपी मला आहे. पॉपकॉर्नला नाही."

यावर इरा स्वयंपाकघराकडे एक नजर टाकायची आणि वाटी हळूच आजोबांच्या बाजूला सरकवायची. केतकीला हे माहीत नव्हतं असं दोघं समजत होते. केतकी तसं समजू देत होती.

ऑगस्टमध्ये इथल्या चिनी लोकांचा भुतांचा महिना येतो. पितर वर येतात, भुकेले असतात, त्यांना खाऊ घालायचं, अगरबत्त्या लावायच्या, आणि करमणूकही करायची. आमच्या ब्लॉकसमोरच्या मैदानात मांडव पडतो. चमचमत्या कपड्यांतल्या बायका गाणी म्हणतात, विनोद होतात. त्याला इथे गेताई म्हणतात. आप्पांना आणि इराला घेऊन मी तिथे गेलो. मांडव गच्च भरलेला, आणि पुढची लाल खुर्च्यांची अख्खी रांग रिकामी. आप्पांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं आणि सरळ जाऊन मधल्या खुर्चीत बसले. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

मागून एक चिनी आजी लगबगीने आल्या. "अंकल, फ्रंट रो कॅनॉट. फ्रंट रो फॉर गुड ब्रदर्स."

"कोणाचे भाऊ?" आप्पांनी मला विचारलं.

मी त्यांच्या कानात सांगितलं, की भुताला इथे भूत म्हणत नाहीत, राग येतो. चांगले भाऊ म्हणतात. पहिली रांग त्यांची. ते बसलेत.

आप्पा उठले. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली, तिथे बसलेल्याला हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा, गर्दीत दिसला नाहीत." त्या आजींना शब्द कळले नाहीत, पण हात जोडलेले कळले. त्यांनी आम्हाला मागे स्टुलं मिळवून दिली.

"बघ इरा," आप्पा बसता बसता म्हणाले, "आपण कावळ्याला पान वाढतो, हे लोक खुर्ची देतात. पहिली रांग, फुकट, समोर पंखा. मेल्याशिवाय मिळत नाही, एवढीच काय ती अडचण."

इरा इतकी हसली की तिला उचकी लागली. महिना संपायच्या आत आप्पा पुण्याला परतले. जाताना विमानतळावर इराशी त्यांचा करार झाला. हॅलोवीनला इराने भुताचा सिनेमा लावायचा, आजोबांनी पुण्याहून स्काइपवर बसायचं. "सिनेमा तू निवड," आप्पा म्हणाले. "पण भूत पाहिजे. नुसती बोंबाबोंब नको."

सप्टेंबरमध्ये समुद्रापलीकडची जंगलं पेटली आणि धूर इकडे आला, इथे त्याला हेझ म्हणतात. समोरचा ब्लॉक दिसेना. शहराला कोणी मळकट काचेच्या बरणीत घालून झाकण लावल्यासारखं झालं. खिडक्या बंद, शाळेतली मैदानं बंद, पोरांच्या तोंडावर पांढरे मास्क. हॅलोवीन महिनाभर आधीच येऊन ठाण मांडून बसलंय असं वाटायचं. आणि त्या धुरात एक दिवस पुण्याहून फोन आला, की आप्पा सकाळी फिरून आले, चहा मागितला आणि गेले.

केतकी मिळेल त्या विमानाने गेली. इराला सांगितलं, ऑफिसचं काम. शाळेची वर्षअखेरची परीक्षा तोंडावर आली होती, आणि आपल्या माणसांत एक कायदा आहे, तो कुठल्या पुस्तकात नसतो आणि सगळ्या घरांत पाळला जातो: परीक्षा असेल तर मरण थांबतं. "परीक्षा झाली की सांगू," निखिल म्हणाला. परीक्षा झाली. मग हॅलोवीन जवळ आलं होतं, पोरीचा मूड कशाला घालवा. त्यामागून लगेच दिवाळी येणार होती. "पुढे नाताळ आहे, मग तिचा वाढदिवस," माझी बायको मंजिरी म्हणाली. "आपल्याकडे वाईट बातमीला मुहूर्तच निघत नाही."

एका संध्याकाळी केतकी आमच्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली.

"दादा, सिनेमा तिने मागितलाय. नाही म्हणता येत नाही. तुम्ही आधी बघा ना. कोणाचे आजोबा जायला नकोत त्यात."

"केतकी, भुताचा सिनेमा आहे," मी म्हटलं. "कोणीतरी आधी गेल्याशिवाय भूत येणार कुठून?"

ती हसली. मग डोळे पुसायला लागली. "धूर," म्हणाली. खिडक्या बंद होत्या. पण त्या वर्षी रडण्याला धुराची सोय होती. एमआरटी ट्रेनमध्ये, ऑफिसात, लिफ्टमध्ये सगळ्यांचेच डोळे लाल, कोण कशासाठी ते कोणी विचारत नव्हतं.

"मी एकटी जाऊन त्यांना बघून आले," ती म्हणाली. "तिला नेलं नाही. वर खोटं बोलले. हे तिला कळलं, की उद्या मी काही सांगितलं तरी ती खरं मानेल का?"

मंजिरीने तिला चहा दिला. मी हातोडी काढली.

म्हणजे मी रोज, खिचडीची ताटली मांडीवर घेऊन, लहान मुलांचे भुताचे सिनेमे बघायला लागलो. एवढ्या निगुतीने मी कधी तेलाची टाकी तपासली नसेल. आणि तुम्हाला सांगतो, यांच्याइतका बेमालूम रंग कुठल्याच जहाजावर नसतो. बाहेरून सगळं भोपळा, झाडू, बागडणारी वटवाघळं. पहिल्या काही मिनिटांत एकटा पियानो वाजायला लागतो. पियानो एकटा वाजला, की समजावं, कोणीतरी गेलं. आपल्याकडे निदान फोटोला हार घालतात, माणूस सावध होतो. हे लोक नुसती एक रिकामी आरामखुर्ची दाखवतात आणि पुढे जातात. बापांना कळतं, पोरांना कळतं, फक्त पोस्टरवर लिहिणाऱ्याला कळत नाही.

एका सिनेमात बोलकं बुजगावणं होतं. फार गोड. शेवटी उलगडा होतो, की त्याच्या अंगातला सदरा त्या मुलीच्या आजोबांचा. भद्द. दुसऱ्यात चेटकिणीचं झाडूंचं दुकान होतं, तिथे आजी नातीला झाडू देऊन ढगात जाते आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी रिमोट दाबला. "टाळ्या कसल्या वाजवतायत, आजी गेली," मी मंजिरीला म्हटलं. मंजिरी म्हणाली, "तुम्ही बसून रडताय आणि पोरीला जपताय." मी म्हटलं, धूर.

शेवटी एक सापडला. संग्रहालयातली एक ममी अंगावरच्या पट्ट्या धुवायला बाहेर पडते आणि कपडे धुण्याचं दुकान काढते. ममी आधीच मेलेली. नवीन कोणी मरत नाही. सगळी गंमत वाळत घातलेल्या कपड्यांची. पियानो नाही, नुसता ढोल. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत दोनदा वाजवून पाहिला. टणटणीत.

"पास," मी जाहीर केलं.

मंजिरी विणत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही सिनेमा वाजवून बघताय. पोरगी वाजवून बघितलीत का?"

खरं तर तोवर एक गोष्ट माझ्याही लक्षात आली होती. इरा आधी रोज विचारायची, आजोबा स्काइपवर का येत नाहीत. तिला सांगितलं होतं, आजोबा कोकणात गेलेत, तिथे नेट नाही. काही दिवस तिने विचारलं. मग विचारणं बंद झालं. एकदम. नाव नाही, गाव नाही. पोरगी हसते, खेळते, गृहपाठ करते. मळकट जहाजावरचा तो एकच लख्ख कोपरा.

लिफ्टमध्ये गाठ पडली तेव्हा तिने मास्क हनुवटीखाली ओढला.

"काका, तुमच्या मूव्हीत कोण मरतं?"

"कोणी नाही."

"नोबडी?"

"नोबडी."

बंदरातले कस्टमवाले बघतात तसं तिने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "घोस्ट मूव्ही, बट नोबडी डाय," ती म्हणाली. "व्हेरी फनी." लिफ्ट थांबली, मास्क वर गेला, आणि स्वारी निघून गेली. मला असं वाटलं, की आत्ता माझ्याच पत्र्यावर कोणीतरी टकटक करून गेलं.

हॅलोवीनच्या दिवशी दुपारी पाऊस झाला. सणसणून, इथला असतो तसा, आणि थांबला तेव्हा कित्येक आठवड्यांनी समोरचा ब्लॉक स्वच्छ दिसला. त्याच्या गॅलरीतले वाळत घातलेले शर्टसुद्धा ओळखू येत होते. तरी निखिलने पडदे ओढून हॉलमध्ये अंधार केला. ब्लॉकमधली पोरं जमली. कोणी चादर गुंडाळून आलेलं, एकाने मास्कवरच सुळे रंगवलेले. बसायच्या जागा इराने मांडल्या होत्या. सतरंजी, तिच्यामागे सोफा, आणि टीव्हीच्या अगदी समोर, सगळ्यांच्या पुढे, लाल प्लास्टिकची एक खुर्ची.

गुडघे वाकत नाहीत म्हणून मी त्या खुर्चीकडे निघालो.

"काका, दॅट वन कॅनॉट."

"का? गुडघे दुखतात माझे."

"सोफा गॉट स्पेस."

सोफ्यावर केतकी बसलेली. तिच्या मांडीवर लॅपटॉप, बंद. इराने स्काइप मागितलाच, तर नेट गेलंय म्हणायची तिची तयारी होती. मला ती आधीच सांगून झाली होती. इराने लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी जाऊन केतकीच्या शेजारी बसलो, आणि आम्ही दोघं त्या लाल खुर्चीकडे बघत राहिलो. मला मैदानातला मांडव आठवला. केतकी तिथे आली नव्हती, तिला काही आठवायचं कारण नव्हतं. तिला वाटलं, खेळ असेल.

सिनेमा सुरू झाला. ममीने पहिली पट्टी पिळली, पोरं खिदळली. निखिलने पॉपकॉर्नचे वाडगे फिरवले. इरा उठली, एक वाटी भरून घेतली आणि स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा हातात मिठाची बाटली होती. टीव्हीच्या उजेडात उभी राहून तिने वाटीवर मीठ भुरभुरलं, मग परत भुरभुरलं.

"अगं, एवढं मीठ कोणाला?" केतकी म्हणाली. सवयीने म्हणाली, जशी स्वयंपाकघरात म्हणायची तशी.

इराने वाटी लाल खुर्चीवर ठेवली. नीट मधोमध.

"आजोबांना," ती म्हणाली. "आता त्यांना बीपी नाही ना."

ममीच्या दुकानात कोणीतरी साबणावरून घसरलं. चादरवालं भूत हसून लोळलं. केतकीचा हात लॅपटॉपवर होता, तो तिथेच राहिला.

"तुला कोणी सांगितलं?" निखिलने विचारलं.

"नोबडी." पोरगी सरळ उभी होती, तोंडी परीक्षेला उभी राहावी तशी. "आईने त्या दिवशी खिडकीत प्लेट ठेवली. वरण, भात, भाजी. मी विचारलं, तर म्हणाली मैनांसाठी. मग आपण जेवलो, तर वरणात मीठच नव्हतं." ती आईकडे वळली. "आजोबा पुण्याला गेल्यावर तू अळणी वरण बंद केलंस, आई. मैनांना बीपी असतो?"

मला हे काहीच माहीत नव्हतं. नंतर कळलं, की सर्वपित्रीला केतकीला राहवलं नव्हतं. पहिल्या वर्षी करत नाहीत, असं तिचा भाऊ पुण्याहून म्हणाला होता. इथे तर पाखरांना खाऊ घातलं म्हणून दंड होतो, निखिल खिडकीशी पहारा देत उभा होता. आणि तिचे हात त्या तंद्रीत आप्पा इथे असताना ज्या सवयीने चालायचे, त्याच सवयीने चालले. वरण आप्पांचं, म्हणून मीठ नाही. सगळ्या खोट्या गोष्टी तिने बिनचूक सांगितल्या होत्या. ऑफिसचं काम, कोकण, नेट. आणि सापडली ती वरणात.

"कधीपासून माहीत आहे तुला?" केतकीने विचारलं. "मला का नाही विचारलंस?"

इराने जरा विचार केला. "तू खूप ट्राय करत होतीस ना," ती म्हणाली. "मला वाटलं, तुझी एक्झाम आहे."

केतकी उठली. मला वाटलं, ती आत निघून जाईल. ती सतरंजीवरच्या पोरांमधून वाट काढत पुढे गेली, लाल खुर्चीच्या पायाशी जमिनीवर बसली, इराच्या हातातली मिठाची बाटली घेतली आणि वाटीवर आणखी थोडं घातलं.

"एवढ्याने त्यांचं भागत नाही," म्हणाली. मग ती रडली. इरा तिला टेकून बसली आणि तिचा चेहरा निरखत राहिली.

"आई, आज हेझ नाहीये."

"माहीत आहे मला," केतकी म्हणाली.

पोरांनी थोडा वेळ मागे वळून पाहिलं, मग पुन्हा टीव्हीकडे. पोरांना मोठ्यांच्या रडण्यापेक्षा ममीचं पुढे काय होतं हे जास्त महत्त्वाचं असतं, आणि ते बरोबरच आहे. मी तपासून दिलेला तो निर्दोष सिनेमा शेवटपर्यंत चालला. त्यात खरंच कोणी मेलं नाही. इरा मधेच पुढच्या खुर्चीकडे वळून, कोण कोण आहे ते कोणालातरी हळू आवाजात सांगत होती. "ही बॅड लेडी. तिला पट्ट्या चोरायच्यात." मी कान टवकारून ऐकत होतो. सवय.

ती इरा आता बारा वर्षांची आहे. भुताचे सिनेमे स्वतः निवडते आणि आम्हालाच बजावते, की हा तुम्हाला झेपणार नाही, काका. केतकी तिच्याशी खोटं बोलत नाही. म्हणजे बोलते, पण लगेच पकडली जाते, आणि दोघी हसतात. हॅलोवीनला अजून टीव्हीसमोर लाल खुर्ची लागते. त्या मायलेकी वाटीत मीठ किती घालायचं यावरून वाद घालतात. मी आता न सांगता सोफ्यावर बसतो.

पण त्या पहिल्या वर्षाचं एक राहिलं. सिनेमा संपला, पडदे उघडले, पोरं चादरी ओढत घरी गेली. केतकी आणि इरा आत तोंड धुवायला गेल्या, निखिल वाडगे उचलत होता. मी सहज उठलो आणि खुर्चीवरच्या वाटीत डोकावलो. इराने ती काठोकाठ भरली होती, मी स्वतः पाहिलं होतं. आता ती काठोकाठ नव्हती.

चादरवाल्या भुताचा हात पोचला असेल. केतकीने रडता रडता खाल्ले असतील. इराच्या बोटांवर मीठ होतं का, हे बघायला फार वेळ लागला नसता. आतून नळाचा आवाज येत होता. मी वाटी होती तशीच, नीट मधोमध ठेवली, आणि पुढच्या खुर्चीला हात जोडून मागे सरकलो.